सावडीतली माझी पाळी

मला बाधा झालेली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. म्हातारी झाले तरी त्या शब्दाने अजून माझं डोकं फिरतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी लोधिवलीच्या बाजूच्या एका गावात आले होते. घर ओढ्याच्या अलीकडे, भाताची खाचरं पलीकडे, मध्ये लाकडी साकव. दुसऱ्या पावसाळ्यात डोक्यावर आवणाचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, भारा घेऊन जाताना साकवाच्या मधोमध माझी छाती धडधडू लागली. हातपाय गार पडले, आता मरणार अशी खात्रीच झाली. भारा पाण्यात गेला, मी फळ्यांवर बसले. नवऱ्याने धरून घरी आणलं.

झालं! सगळं घर माझ्या दिमतीला लागलं. भगत म्हणाला, पोरीला बाधा झालीय, पाणी ओलांडायचं नाही. सासू म्हणाली, "तू घरातच बस गं. आमी हाय ना." पाण्याला थोरली जाऊ जायची, शेतावर नणंद. मी उठले की कुणीतरी हात धरायचं. मायेच्या नावाखाली माझे पायच काढून घेतले त्यांनी. आधी मला फक्त साकवाची भीती होती. दिवाळीपर्यंत विहिरीची झाली, होळीपर्यंत अंगणाची. दर वेळी मी मागे फिरायचे, घटकाभर बरं वाटायचं आणि भीती आणखी एक पाऊल घरात यायची. एवढ्या शहाण्यांच्या घरात हे कुणालाच दिसू नये? मलाही दिसलं नाही, म्हणून माझा मलाही राग येतो.

पुढच्या लावणीच्या तोंडावर सासऱ्यांनी माझ्या भावाला निरोप धाडला, बहिणीला घेऊन जा. आमच्याकडे लावणी सावडीने व्हायची. आज गावच्या बायका तुझ्या शेतात, उद्या त्याच माझ्या शेतात. सावडीला न जाणारी सून ठेवून काय करायची? आणि एकदा माहेरी धाडलेली परत कोण आणतं?

त्याच आठवड्यात जावेच्या मुलाला लस टोचायला दवाखान्यातली नर्सबाई आली. मी कोपऱ्यात बसलेली बघून तिने सगळं विचारून घेतलं.

"आता मरते, असं किती वेळा वाटलं?"

"रोज."

"मग मेलीस किती वेळा?"

मला असा राग आला! ती म्हणाली, "साकवाच्या पहिल्या फळीवर उभी राहा. धडधडलं तर पळू नको, धडधड बसेपर्यंत थांब. उद्या दुसरी फळी." बस. ना गंडा, ना अंगारा. हल्ली शहरात या उपचाराला लांबलचक इंग्रजी नाव आहे म्हणे.

दुपारी सगळी जेवून आडवी झाली की मी चोरासारखी निघायचे. स्वतःच्या पायांनी चालायची चोरी! पाचव्या दिवशी मधल्या फळीवर पोचले. खाली पाणी गरजत होतं, छाती धडधडत होती. उभी राहिले. चुलीतलं लाकूड मागे ओढल्यावर दूध खाली बसतं, तशी धडधड हळूहळू बसली. मी मेले नव्हते.

शेजारणीच्या शेतात सावड होती त्या दिवशी कुणाला न सांगता साकव ओलांडून गेले. बायका म्हणाल्या, "तू बांधावर बस बाय, तुला बरं नाय."

पुन्हा बस! माझा तोल गेला. "बसून बसून वर्ष गेलं माझं! भीती वाटते, आत्ताबी वाटते. पण हात चालतात ना?" असं ओरडून मी चिखलात उतरले आणि आवणाची मूठ सोडली.

थोड्या वेळाने बांधावर सासू आली. मागे माझा भाऊ. माझ्या लुगड्यांचं बोचकं सासूने बांधूनच आणलं होतं, तिच्या काखेत होतं.

"चल गं," भाऊ म्हणाला.

"आज माझी पाळी हाय, दादा. लावणी झाली की ये. पाहुणा म्हणून ये." मग सासूकडे वळले. "आत्याबाई, ते बोचकं ठेवा खाली आणि उतरा. इथं एक हात कमी हाय."

सासूने बोचकं भावाच्या हातात दिलं, लुगडं खोचलं आणि माझ्या शेजारी ओळीत उभी राहिली. भाऊ बोचकं घरात ठेवून, जेवून एकटाच परत गेला. पण आमचं चुकलं, असं त्या घरात मला कुणी कधी म्हटलं नाही.