पेणच्या थेटरात न सापडलेली उघाडी

आमच्या खाडीकाठच्या वाडीत पिक्चर बघत नसत, ऐकत असत. बघायचं काम एकट्या माझ्या बाबांकडे होतं. ते रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जायचे आणि पहिली पाळी सुटल्यावर, तिथल्या थेटरात हिंदी बोलणारा इंग्रजी पिक्चर लागला असेल, तर तो बघूनच पेणची गाडी पकडायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणसं मिठागरावरून यायची, हातपाय धुऊन आमच्या अंगणात बसायची आणि बाबा अख्खा पिक्चर सांगायचे, मारामारीच्या आवाजांसकट.

सगळ्यांचा लाडका होता एक परदेशी हेर. त्याचे पिक्चर माझ्या जन्माआधीपासून येत होते. तो कुठला, कोणासाठी जीव धोक्यात घालतो, हे कोणी कधी विचारलं नाही. शेजारची काकी तर त्याला 'आपला' म्हणायची. "आपला आता तरी लगीन करील काय?" हे ती दर पिक्चरला विचारायची, आणि बाबा दर वेळी "बघू पुढच्याला" म्हणून सुटका करून घ्यायचे.

मध्ये बरीच वर्षं पुढचा आलाच नाही. मी कॉलेजात होते तेव्हा एकदाचा आला, म्हणून बाबा मलाही रोह्याला घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखे. पडद्यावर हेर आला आणि बाबा माझ्याकडे वळले. "हा कोण?"

नट बदलला होता. जुना थकला म्हणून नवा आणला होता, देखणा, गुळगुळीत, मारामारीतसुद्धा भांग न मोडणारा. जुन्या शत्रूंशी त्याच्या सरकारची मैत्री झालेली, त्यामुळे भांडायचं कोणाशी हे त्यालाच धड माहीत नव्हतं. अर्धा वेळ तर तो कंप्युटरसमोर बसून होता. थेटरातली पोरं मात्र शिट्ट्या मारत होती.

रोहा स्टेशनवर बाबा वडापाव हातात धरून नुसतेच बसले. "आता काय सांगू गो त्यांना?"

"सांगा, त्याला हापिसात नोकरी लागली," मी म्हटलं. बाबा हसले नाहीत. मला त्यांची दया आली. सगळी वाडी उद्या अंगणात येणार होती आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितला तो पिक्चर मी पाहिलाच नव्हता. त्यात जुनाच हेर होता. दुश्मनाची मोटार खाडीच्या बांधावरून त्याच्या मागे लागली होती. मग त्याने ऐन भरतीत उघाडी खोलली. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरतीला बंद ठेवायचं, ओहोटीला आतलं पाणी सोडायला उघडायचं. पाणी आत घुसलं, बांध खचला, मोटार चिखलात बुडाली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. काकी तर उठून उभीच राहिली, कारण वाडीची उघाडी सांभाळायचं काम पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच घराकडे होतं.

"विलायतेत पण उघाडी हाय?" ती म्हणाली. "मंग मी बघणार."

जन्मात थेटराची पायरी न चढलेली बाई! पिक्चर पेणला लागला तेव्हा बाबा कंपनीत होते. काकी, आणखी चारपाच बायका आणि त्यांना सांभाळायला मी, अशी वरात एसटीने निघाली. नवा नट दिसल्यापासून काकी मला कोपराने ढोसत होती. "आपला कवा येल?" ती शेवटपर्यंत वाट बघत बसली. दिवे लागले तरी उठेना.

मग तिने डोअरकीपरला धरलं. शेवटची एसटी चुकू नये म्हणून थेटरवाले रिळं गाळतात, हे पेण परिसरात सगळ्यांना ठाऊक होतं. "आमची उघाडी कापलीस ती कापलीस, आमचा माणूस पण कापलास?" बाकीच्या बायकांनीही सूर लावला. तो बिचारा शपथा घेत होता, "मावशी, आली तेवढी सगळी रिळं लावली!" माझं हसू आवरेना. पण आता बाबांवर कोण विश्वास ठेवणार?

संध्याकाळी काकी थेट अंगणात आली. बाबा नुकतेच ड्युटीवरून आले होते. तिच्या मागे अर्धी वाडी.

"पेणच्या थेटरात उघाडी नाय दाखवली," काकी म्हणाली.

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "नायच ती. मी घातली." मग बाकीचंही सांगून टाकलं. "आपला पण नाय त्याच्यात. म्हातारा झाला म्हणून काढला त्याला. दुसरा आणला, आणि थेटरात कोणालाच काय वाटलं नाय. तेच इथं येऊन सांगायला माझी जीभ रेटली नाय."

मला वाटलं, आता माणसं उठून जाणार. काकी मात्र पदर खोचून नेहमीच्या जागेवर बसली.

"काढला तर त्यांनी काढला," ती म्हणाली. "आमी कुठं काढलाय? सांगा पुढं."