तीन पाण्यांची भाजी

आमच्या गल्लीतल्या भाजीवालीला सगळे तीनपाणी म्हणत. पालकाची प्रत्येक जुडी ती तीन बादल्यांत धुवायची. पहिलीत माती जायची, दुसरीत किडे, आणि तिसरीत, तिच्या मते, जगातली उरलीसुरली घाण. मी एकदा म्हटलं, "साबण तेवढा राहिला." ती लगेच म्हणाली, "आणते की, तुमच्या तोंडाला लावायला."

तिचा मळा कारखान्यांमागच्या नाल्याला लागून होता आणि पंप नाल्यातलंच पाणी ओढायचा. ते काळं आहे हे काय तिला दिसत नव्हतं? म्हणून तर तीन बादल्या, त्याही नळाच्या पाण्याच्या.

नाल्याकाठचा पहिला वाफा सगळ्यांत हिरवागार, पानं तळहाताएवढी. त्यातली काडीही ती विकायची नाही. "तो घरचा," म्हणायची. लेकीला सातवा महिना होता. रोज सकाळी त्या वाफ्यातली पहिली जुडी लेकीच्या घरी पोचायचीच.

मग प्रयोगशाळेतल्या एक बाई आल्या आणि वाफ्यावाफ्यातला पाला पिशव्यांत भरून घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी कागद घेऊन परत आल्या, तेव्हा मी भाजी घ्यायला तिथेच उभा होतो.

"मावशी, पानांत शिसं सापडलंय. कॅडमियमही आहे."

"मग चौथी बादली ठेवते."

"धुऊन नाही जायचं ते. पाण्यातून मुळांत गेलंय, मुळांतून पानात. आतच आहे."

तिने हात पदराला पुसले. "कुठल्या वाफ्यात जास्त?"

बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "नाल्याजवळच्या. पहिल्या."

तिने पहिल्या वाफ्याकडे पाहिलं. "लेक पोटुशी आहे हो माझी," एवढंच म्हणाली. भाजी आजपासून बंद करा, लेकीचं रक्त आजच तपासून घ्या, असं बाईंनी सांगितलं.

मला संताप आला तो नाल्यात विष ओतणाऱ्यांचा. त्यांना कुणाच्या दारात जाऊन काही कबूल करावं लागलं नाही. ही मात्र निघाली, पायात चप्पल घालायचंही भान नव्हतं. मीही मागोमाग गेलो.

लेक स्वयंपाकघरात सकाळचीच जुडी निवडत बसली होती. आईने तिच्या हातातली पानं काढून घेतली, ताटातलीही गोळा केली, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही.

लेकीचा हात पोटावर गेला. मग लहान मुलीसारखी म्हणाली, "पण आई, तू तर तीनदा धुवायचीस ना?"

आईने पानं छातीशी घट्ट धरली होती.

"तुझी मी चारदा धुवायचे गं."