भावाला समजावलेलं जनुक

वणीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. पोरं मला टरकून असत, कारण पेशीची आकृती चुकली की मी वही परत द्यायची आणि पुन्हा काढून आणायला लावायची. अशा बाईने एक धडा चुकीचा शिकवला, तो नेमका सख्ख्या धाकट्या भावाला. तो गेला त्याला आता दोन वर्षं झाली.

भाऊ शेतातल्या पाण्याच्या मोटरींचं वाइंडिंग करायचा. बसस्टँडमागे त्याचं छोटं दुकान होतं. जळलेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसायची आणि नवी भरायची, हे त्याचं काम. हातात तांब्याची तार आणि गालात खर्रा. आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, तो खर्रा. दिवसाला किती पुड्या होतात ते त्यालाही ठाऊक नसायचं. मी रागावले की हसायचा. "ताई, हा नसला तर हात चालत नाई माहा," म्हणायचा.

एका पोळ्याला जेवताना त्याने ठेचा बाजूला सारला. ठेच्याशिवाय घास न गिळणारा माणूस तो. "तोंड जळून राह्यलं," म्हणाला. मग माझं लक्ष गेलं, तो भाकरीचे अगदी बारके तुकडे करून ओठांतून आत सरकवत होता. मी म्हटलं, "आ कर." त्याने केला, पण तोंड पुरतं उघडलंच नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी त्याला तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. दीड बोट गेलं. तो आपल्याच बोटांकडे बघत बसला. मी शिकवणारी म्हणून डॉक्टर मला नीट समजावून सांगू लागले. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे गाल आतून धरून ठेवतात. ते बनवायची कृती जनुकांत असते. सुपारीच्या रसाने ती जनुकं नको तेवढी कामाला लागतात, जुने धागे मोडायचं काम मंदावतं, आणि गाल ताठ होत जातो. अशा जागी पुढे कॅन्सर होऊ शकतो. सगळ्या खाणाऱ्यांना सारखं होत नाही, ज्याच्या त्याच्या जनुकांतही थोडाफार फरक असतो, असंही ते जाता जाता म्हणाले. शेवटी भावाकडे वळून म्हणाले, "आजच सोडा. झालेलं सगळं मागे जाणार नाही, पण पुढचं टळू शकतं."

घरी आलो तर भावजयीने त्याला अक्षरशः धारेवर धरलं. तिचं चुकत नव्हतं. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसला होता. लहानपणी बाबा रागावले की असाच बसायचा. मला बघवेना. मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेशी काढली, तिच्यात जनुक काढलं आणि दोघांना शिकवायला बसले. शिकवता शिकवता म्हणून गेले, "सारा दोष त्याचा नाई. आपल्या जनुकातच असन काहीतरी."

त्याने मान वर केली. कितीतरी दिवसांनी चेहरा मोकळा झाला होता. "म्हणजे वाइंडिंग कंपनीतूनच चुकीचं आलं म्हण ना, ताई."

मी हसले. एवढं अवघड प्रकरण त्याने आपल्या भाषेत कसं पकडलं, याचं मला कौतुक वाटलं. "तसंच समज," मी म्हटलं.

आठ दिवस त्याने खर्रा सोडला आणि नवव्या दिवशी पुन्हा धरला. दुकानात कुणी टोकलं की उत्तर तयार असे. मी स्वतः ऐकलंय. "खर्र्यानं नाई होत हे, खानदानी आहे. आमची ताई बायलॉजीची मॅडम आहे, तिनंच सांगितलं." "अरे, तसं नाई," मी म्हटलं, पण अगदी गुळमुळीत. चारचौघांत तो माझं नाव अभिमानाने घेत होता आणि मला ते गोड लागत होतं. हे लिहितानाही माझी मला लाज वाटते.

खरं उदाहरण त्याच्या दुकानातच पडलेलं होतं. चांगली मोटर कमी व्होल्टेजवर रेटत राहिलं की जळते, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? मोटर चांगली आहे, तू करंट वाईट देतोयस, एवढंच सांगायचं होतं. ते मला सुचलं नागपूरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर, पुढे त्याच्या गालात आलेली गाठ कॅन्सरची निघाली त्या दिवशी. गाल ताठ करणारं ते कोलॅजेनच गाठीला वाढायला, पसरायला हातभार लावतं, हेही मी तिथेच बसून मोबाइलवर वाचलं. ऑपरेशनमध्ये गाल आणि जबड्याचा तुकडा काढला. त्यानंतर नळीतून पेज. कापूस वेचणीच्या दिवसांत तो गेला. मी अजून रडते, आणि रडू येतं ते भाकरी मोडताना.

चार महिन्यांनी भावजयीकडे गेले. ती ओसरीवर तूर निवडत होती. बोलता बोलता तिने कमरेचा बटवा काढला आणि सुपारीचे दोन तुकडे तोंडात टाकले. तिला मी कधी सुपारी खाताना पाहिलं नव्हतं.

"हे कधीपासून?"

"हे गेल्यापासून. घर खायले उठते मले."

"थुंक आधी."

तिने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "मले काय होते, ताई? ते तुमच्या खानदानात आहे. मी तं दुसऱ्या घरची. तुम्हीच सांगितलं होतं ना? त्याईच्या अंगातच होतं, कोणी काय करणार होतं?"

तो टोमणा नव्हता. चार महिने ती त्याच एका वाक्याला धरून उभी होती. ते काढून घेतलं तर तिच्याकडे काय उरणार, हे मला दिसत होतं. पण सुपारी तिच्या गालात होती.

मी तिच्याजवळ सरकून बसले. म्हटलं, "म्या चुकीचं सांगितलं होतं. ती जनुकं तुह्या गालातबी आहेत, सगळ्याईच्याच असतात. सुपारी त्याईले कामाला लावते. डॉक्टरनं सांगितलं त्याच दिवशी त्यानं खर्रा सोडला असता, तर बहुतेक वाचला असता."

ती उठली. मोरीवर जाऊन थुंकली, दोनदा चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि परत सुपासमोर येऊन बसली. बराच वेळ तिचे हात तुरीवर नुसतेच फिरत होते. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मंग ताई, हे त्याईले काहून नाई सांगितलं?"