‘येते’साठी फ्रेंच शब्द

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करते. आजवर मी कार्यालयात दुसऱ्यांची पत्रे टंकित केली; स्वतःच्या म्हणून चार ओळी लिहिण्याचे धाडस पहिलेच. ज्यांच्याविषयी लिहिते आहे, त्यांनी चुकणाऱ्याला कधी परत पाठवले नाही. वाचकांनीही तेवढे औदार्य दाखवावे.

शिरूरला बियाण्यांच्या एका दुकानावरच्या खोलीत आप्पा फ्रेंच शिकवत. लेंगा, सदरा, पांढरी टोपी, आणि दौंडहून एसटीने आल्यामुळे खांद्यावर धूळ. ते स्वतःच्याच वर्गाच्या दारावर टकटक करीत आणि प्रत्येकासमोर उभे राहून ‘बोंझूर’, म्हणजे नमस्कार, म्हणत. उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नसत.

“बोंझूर म्हणल्याबिगर तिकडं दुकानात पावबी मिळत न्हाई. आधी माणूस बघायचा, मंग पाव.”

माझ्यापाशी त्यांना फार वेळ थांबावे लागे. माझे वय सत्तेचाळीस, पदवी दोन विषयांतली, आणि तोंडून शब्द फुटत नसे. रांजणगावच्या आमच्या कंपनीचे नवे मालक फ्रेंच होते. पत्रव्यवहाराच्या टेबलावर राहायचे असेल तर पुण्यातली तोंडी परीक्षा उत्तीर्ण व्हा, नाहीतर जागा सोडा, असे मला सांगण्यात आले होते. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालत होते.

“आप्पा, म्याडमचं मेंढरू आजबी बसलंय बघा,” शिक्रापूरहून येणारा एक तरुण फिटर म्हणाला. आप्पा मेंढपाळांच्या घरातले. तोंडातले शब्द म्हणजे मेंढरे, असे ते नेहमी सांगत: “पयलं एक ढकलायचं. बाकीची आपसूक जात्यात.”

आप्पा शांतपणे म्हणाले, “बसू द्या की. बसून रवंथ करतंय. तुमचं तर न चावताच गिळतंय.”

वर्ग हसला. मीही हसले, आणि त्या दिवशी प्रथमच वहीत न पाहता एक वाक्य बोलले. ते वर्ग सुटल्यावर, दारातून निघताना: “ज व्याँ, आप्पा.”

“व्हय? दारात उभ्या ऱ्हाऊन म्हंताय, मी येते. कुठनं येताय? तुम्ही तर निघालाय!”

मी ‘येते’चे शब्दशः फ्रेंच केले होते. जाणाऱ्याने ‘ज पार’, म्हणजे ‘मी जाते’, असे म्हणावे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण उंबऱ्यात ‘जाते’ म्हणायला जीभ कचरली. लहानपणी तसे म्हटले की आई हात धरून मागे ओढी आणि ‘येते म्हण’ असे बजावी.

आप्पा खाली बसले. आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यात ते अकरा वर्षे रस शिजवण्याच्या कामावर होते, फ्रेंच तिथेच शिकलेले. “पयल्या दिवशी मीबी हेच म्हणलो, बाई. ज व्याँ म्हणलो आन् खोलीवर जाऊन झोपलो. फोरमन बिचारा ताट झाकून बसला. येतो म्हणालाय, म्हंजी येणारच!” मग म्हणाले, “ओ रव्हार म्हणत जावा. म्हंजी परत भेटू. त्यात आपलं येतो आलंच की.”

परीक्षेच्या महिनाभर आधी आप्पांनी अंथरूण धरले. परीक्षेला चार दिवस उरले असताना मी दौंडला त्यांच्या घरी गेले. ते इतके वाळले होते की क्षणभर मी घर चुकले असे वाटले. मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी बोटाने पलंगाची कड वाजवली: टकटक. “बोंझूर, मादाम.”

मी उत्तर दिले. निघताना मात्र सारे फ्रेंच विसरले. “येते, आप्पा. निकाल घेऊन येते.”

“या. ताट झाकून ठिवतो.”

परीक्षेच्या खोलीत समोर एक फ्रेंच बाई होत्या. त्यांचे प्रश्न मला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आले. उत्तरे दोन-तीन शब्दांची झाली. संपले, असे समजून मी उठले आणि दारात घाबरून म्हणाले, “ज व्याँ.”

त्या थांबून माझ्याकडे पाहत राहिल्या. खरोखरच मी परत येण्याची वाट पाहत होत्या! मी परत येऊन बसले, आणि मोडक्या फ्रेंचमध्ये त्यांना सारे सांगितले: आईचा हात, फोरमनचे झाकलेले ताट. पहिले मेंढरू गेले; बाकीची आपसूक गेली. त्या हसल्या, काही विचारले, मी उत्तर दिले. मी उत्तीर्ण झाले.

निकालाचा कागद घेऊन दौंडला पोहोचले, तेव्हा अंगणात माणसे खाली बसलेली होती. आप्पा आदल्या दिवशी गेले होते. सूनबाई इतकेच म्हणाल्या, “लई वाट बघितली तुमची.”

दुःखाच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणायचे नसते; म्हटले तर तिथे पुन्हा तशाच कारणाने यावे लागते, असे मानतात. काही न बोलता उठायचे असते. हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मी उठले. उंबऱ्यात पाय अडखळला. ‘जाते’ म्हणवेना, ‘येते’ म्हणण्याची भीती वाटली. मग दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक केले आणि सर्वांच्या देखत म्हणाले, “ओ रव्हार, आप्पा.”

माणसे वर पाहू लागली. एका म्हाताऱ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या शब्दात ‘येते’ दडलेले आहे, हे तिथे फक्त मला ठाऊक होते. त्या घरी ‘येते’ म्हटल्याची धास्ती अजून गेलेली नाही, म्हणून विचारते: माझे चुकले का?