म्हातारीची खबर

गॅनेट बेटावर थर्झा बीलला कोणी थोर म्हटलं नसतं, पण तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला विचारल्याशिवाय एकही होडी बंदराबाहेर पडत नसे. बंदराला टेकडी आड यायची. बाहेरचा खडक गावात दिसायचा तो फक्त या घरातून. त्या खडकाचं नाव म्हातारी. तिच्यावर पांढरा फेस उठला, की आभाळ कितीही निवळ असो, दुपारच्या आत वादळ ठरलेलं.

उजाडलं की खालून हाक यायची, "थर्झाकाकू, म्हातारी काय म्हणते?"

"झोपलीय. जा." नाहीतर, "दात विचकतेय. घरी बसा मुकाट्यानं."

"एक म्हातारी दुसरीची चहाडी करते," तिचा नवरा ऑरिन म्हणायचा. पण ऐकायचा.

तीस वर्षं असं चाललं. यंदाच्या उन्हाळ्यात थर्झाला मोतीबिंदूनं गाठलं, आणि खिडकीबाहेर नुसतं दूध उरलं. तिनं कोणाला सांगितलं नाही. ती हाक बंद झाली तर आपण या बेटावर कोण, हे तिला कळेना.

माडीवर बॉस्टनचा चित्रकार लॅथ्रॉप भाड्यानं राहत होता. तो रोज झुंजूमुंजू होताच माडीच्या खिडकीतून म्हातारीचं चित्र एका छोट्या फळीवर रंगवी आणि वाळायला चुलीशेजारी ठेवी. थर्झा नाक टेकेल इतकी वाकून बघे. तेवढ्या जवळचं तिला दिसे. फळीवर फेस नसला, की ती बिनधास्त ओरडे. तेव्हापासून एकदाही चुकली नाही.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी फळीवर पाणी काळंकुट्ट होतं. फेसाचा ठिपका नव्हता. ते काळं तिला बरं वाटलं नाही, पण बघायचा तो फेस.

"झोपलीय!"

ऑरिन आणि आणखी दोघे आपापल्या होड्या घेऊन शेवंडी पकडायला टाकलेले पिंजरे उचलायला गेले.

लॅथ्रॉप न्याहारीला बसला. "आजचं कसं वाटलं?"

"काळं आहे."

"तेच हवं होतं," तो खुशीत म्हणाला. "खडकावर पांढरंच पांढरं होतं. त्यानं चित्रातली भीती हलकी पडत होती. सगळं खरवडून काढलं."

"पांढरं फळीवर होतं, की समुद्रात?"

"समुद्रात. का हो?"

थर्झानं धुक्यात वाजवायचा पत्र्याचा भोंगा उचलला, लॅथ्रॉपची बाही धरली आणि त्याला टेकडीवर ओढत नेलं. ती जीव खाऊन भोंगा फुंकू लागली. शेजारची लोइस पीठभरल्या हातांनी धावत आली. तिचा नवराही त्या तिघांत होता.

"काकू, वेड लागलं का? धुकं कुठंय?"

"मला दिसत नाही, लोइस. उन्हाळ्यापासून दिसत नाही."

वादळाचा वारा आग्नेयेकडून सुटला होता.

"होड्या वळल्या," लॅथ्रॉप म्हणाला.

"किती?"

तो पुन्हा पुन्हा मोजत राहिला. "दोन."

थर्झानं भोंगा तोंडाला लावला, पण श्वास पुरेना. लोइसनं तो तिच्या हातातून हिसकावून घेतला आणि फुंकायला लागली.