नानांची दुसरी बायको

वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाल्यावर मी त्यांना दुसरी बायको करून दिली.

झालं असं, की धाकट्या भावानं नंदुरबारला घर बांधलं आणि वास्तुशांतीसाठी मायनं एकच गोष्ट मागितली. तिचा आणि नानांचा जोडीनं काढलेला एकुलता एक फोटो मोठा करून नव्या घरात लावायचा. फोटो जुना, ओल लागलेला, डागाळलेला. भाऊ म्हणाला, "स्टुडिओवाल्याला देतो." मी उसळलो! (मी हायस्कूलचा मास्तर, शिकून काहीही येतं असा माझा गैरसमज.) "घरात मी असताना? सॉफ्टवेअर शिकतो आणि स्वतः करतो!"

"दी टाका ना स्टुडिओवालाले," बायको म्हणाली. "मायना एकच फोटो शे."

"अगं, हल्ली सगळं मोबाइलवर शिकायला मिळतं!"

मिळतं खरं, पण काय मिळतं! पहिला गुरू हिंदीतला. त्याच्या अठ्ठेचाळीस धड्यांपैकी तीन 'घंटी दबाइए' यातच गेले. दुसरा इंग्रजीतला. तो इतक्या झपाट्यानं बटणं दाबायचा, की मी चष्मा पुसेपर्यंत त्याचा फोटो तयार! मग एक मराठी पुस्तिका सापडली. तिच्यात 'स्तर-मुखाच्छादन' असा शब्द होता. मी तासभर विचार केला आणि पुस्तिका मिटली.

शेवटी सुरतकडच्या एक बेन सापडल्या. गुजराती आपल्याला काय नवी? शांत आवाज, एकेक पायरी तीनदा. "ज्यां डाघ देखाय, त्यां ब्रश फेरवो." बस्स, गुरू मिळाला! (बेन ब्यूटी पार्लरवाल्या आहेत आणि धडा नवरीच्या मुरमांसाठी आहे, हे वर ठळक लिहिलं होतं. 'प्रश्न नीट वाचा' हे मी फक्त पोरांना सांगतो.)

"आठ दिन व्हई गयात," बायको म्हणाली, "तुम्ही त्या बेननंच ऐकी ऱ्हायनात!"

मी ब्रश फिरवला. ओलीचे डाग गेले. बुरशी गेली. मग हात थांबेचना! मायच्या कपाळावर ठिपके दिसले, फिरवला. हनुवटीवर दिसले, फिरवला. हातावर काहीतरी हिरवट पसरलं होतं, तेही साफ. शेवटी चेहरा उजळायची एक पट्टी होती, तीही टोकापर्यंत ओढली. कुणाला न दाखवता फोटो मोठा करून फ्रेममध्ये घातला.

वास्तुशांतीला सगळे भाऊबंद जमले. पूजा झाली आणि मी ऐटीत फोटोवरचं कापड ओढलं. माय जवळ आली. तिनं फोटोवर बोट ठेवलं.

"बेटा, तुन्हा बापना जोडे हाई कोन बाई बठेल शे?"

"माय, तूच शे ना ती!"

"मी? मन्हं गोंदन कोठे शे?"

तेवढ्यात नानांची धाकटी बहीण, आमची आत्या, पुढे झाली. "वं वहिनी, आम्हले भी सांगं नही दादानी!"

झालं! सगळं घर हसायला लागलं. मागून कुणीतरी विचारलंसुद्धा, "कोनता गावनी शे?"

माय हसली नाही. तिनं बांगड्या मागे सारून हात माझ्यापुढे धरला. त्यावर नानांचं नाव गोंदलेलं.

"लगीन व्हयनं तव्हय गोंदी लिधं. जे नाव मी कधी तोंडमा लिधं नही, ते हातवर शे. तू तेच पुसी टाकं?"

त्या हातानं मी घास खाल्ले, मार खाल्ला, आणि मला तो डाग वाटला! डोळ्यांत पाणी आलं. नंदुरबारला मिरचीचा हंगाम होता, हवेतच ठसका, म्हणून कुणी कारण विचारलं नाही.

"मूळ फोटो आहे ना," भाऊ म्हणाला, "उद्या स्टुडिओत देतो."

"उद्या नही. आज."

सामानाच्या खोक्यांवर नावं घालायला आणलेला जाडा मार्कर तिथंच पडला होता. मायनं फोटो फ्रेममधून काढायला लावला आणि कपाळावर, हनुवटीवर स्वतः ठिपके दिले, एकेक शर्टाच्या बटणाएवढा! मग मार्कर माझ्या हातात दिला.

"नाव तू लिख. तू मास्तर शे."

सगळ्यांच्या देखत मी फोटोतल्या आईच्या हातावर बापाचं नाव लिहिलं : सुपडू. मार्कर इतका जाडा, की शेवटचा ऊकार थेट नानांच्या धोतरावर गेला.

पुढे स्टुडिओवाल्यानं मूळ फोटो सुरेख करून दिला. पण माय भिंतीवरचा काढू देत नाही. "त्यामा तुन्हा हातनं नाव शे," म्हणते. येणारा प्रत्येक पाहुणा फोटोपुढे थबकतो आणि विचारतो, "माय, हाई कोना पोऱ्यानी चितारं?"

माय माझ्याकडे बोट दाखवते. "हाऊच पोऱ्या. पुढला वरीसले रिटायर व्हई ऱ्हायना."