रुमालाखाली मोजलेल्या गोळ्या

कल्याणच्या बाजारात मी पाठीवर पोती वाहून सुरुवात केली आणि त्याच बाजारात पुढे कांद्याचा गाळा घेतला. त्यामुळे माणूस समोर आला की याला माझ्याकडून काय हवंय, हा प्रश्न आधी डोक्यात येतो. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात त्या बाई भेटल्या तेव्हाही तो आला. तेव्हा मी तो मोठ्याने विचारला.

"तुमचा यात फायदा काय?"

"मला अभ्यास करायचाय," त्या म्हणाल्या. "या आजाराची माणसं औषध का सोडतात, मनात काय चालतं, तो दुसऱ्याला होऊ नये म्हणून काय करतात."

त्या डॉक्टर नव्हत्या. मानसशास्त्र शिकलेल्या होत्या. दर बुधवारी मागच्या व्हरांड्यातल्या एका खोलीत बसायच्या. मला ते पटलं नाही. फुकट ऐकून घेणारा माणूस मी बाजारात एकही पाहिला नव्हता.

आजारी होता माझा धाकटा भाऊ. जवळच्या मोहने गावातल्या कारखान्यातलं काम सुटल्यावर मी त्याला गाळ्यावर आणलं होतं. दोन वर्षं मी त्याच्यासाठी मुली बघत होतो आणि तो प्रत्येकीत खोट काढत होता. मला वाटायचं, स्वारीला नखरे सुचतायत. मग खोकला लागला, टीबी निघाला, आणि टीबीच्या मागे रक्तात तो दुसरा आजार निघाला. नव्वदीची ती वर्षं. एड्स हा शब्द लोक भिंतीवरच्या पाटीवर वाचायचे, पण तोंडाने उच्चारत नसत. मला कळलं तेव्हा दवाखान्यातल्या चार माणसांना आधीच ठाऊक होतं आणि भावाला तर कधीचं, कुठेतरी गुपचूप रक्त तपासून. म्हणून तो लग्नाला नाही म्हणत होता. सौद्यात ज्याला शेवटी कळतं तो बुडतो. घरात मी तो शेवटचा निघालो, आणि हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या दुसऱ्या आजारावर औषध आहे असं ऐकायचो, पण ते आमच्यापर्यंत पोचणारं नव्हतं. टीबीवर मात्र गोळ्या होत्या. "या नेमाने घेतल्या तर टीबी जाईल, माणूस उभा राहील," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्या हातात तेवढंच होतं. कल्याणात कुणी बघू नये म्हणून मी त्याला ठाण्याला न्यायचो.

बाई दर वेळी मला खोलीबाहेर बसवायच्या. "शेठ, जरा बाहेर थांबता?" मी बाकावर धुमसत बसायचो. दार बंद, आत माझा भाऊ, आणि एक परकी बाई त्याचं बोलणं वहीत उतरवतेय. ती वही उद्या कुणाच्या हातात जाईल? बाजारात नुसती कुजबुज झाली असती तरी माझ्या कांद्याला कुणी हात लावला नसता.

मी माल दाबून बघितल्याशिवाय घेत नाही. बाहेर बाकावर हाताला भाजल्याची खूण असलेला एक उंच माणूस नेहमी बसलेला असायचा. एके दिवशी मी बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो हात भाजलेला आमच्याकडचाच दिसतो. त्यालाही हेच का?"

बाईंनी वही मिटली. "मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर त्यालाही हेच ऐकायला मिळेल."

उत्तर चोख होतं. तरीही मला वाटलं, बाई मुरलेली आहे.

शेवटी मला आत बोलावून त्या माझ्यादेखत भावाला विचारायच्या, "गेल्या आठवड्यात किती वेळा गोळ्या चुकल्या?"

तो बोलायच्या आत मी म्हणायचो, "एकदाही नाही. मी आहे ना घरात."

हे खोटं होतं. बुधवारच्या आदल्या दिवशी मी त्याच्या गोळ्यांची पाकिटं तपासायचो. एखाद-दुसरी शिल्लक निघायची. विचारलं की म्हणायचा, "विसरलो रे दादा." मी दोन शिव्या हासडायचो आणि त्या उरलेल्या गोळ्या दाबून काढून मोरीत टाकायचो. कांद्याच्या पोत्यात वरचा थर निवडक लावतात. गिऱ्हाईक पोत्याचं तोंड उघडून बघतं, खालचं घरी गेल्यावर कळतं. मला वाटलं, गोळ्या चुकतात हे कळलं तर त्याचं औषध बंद होईल. सरकारी लोक, त्यांना कारणच हवं असतं. म्हणून मी पाकिटांना वरचा थर लावला.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि मान हलवली. "गोळ्या नेमाने चालल्यात, तरी फरक नाही. म्हणजे हे औषध लागू पडत नाही. आता जड औषधं द्यावी लागतील, रोज सुई. त्याला ती झेपतील का, सांगता येत नाही." भावाचं वजन तेव्हा एका पोत्याहून कमी भरलं असतं. त्याची बोटं काड्यांसारखी झाली होती.

ती बोटं बाजारात नावाजलेली होती. आमच्याकडे जुने व्यापारी भाव तोंडाने बोलत नसत. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या माणसालाही काही कळत नाही. एकच नियम, रुमालाखाली कितीही वाईट आकडा दाबला गेला तरी तोंडावरची रेघ हलू द्यायची नाही. माझी रेघ हलायची. म्हणून मी सौद्याला भावाला पुढे करायचो.

डॉक्टरांनी सुई सांगितली त्याच बुधवारी बाईंनी भावाला आत घेतलं, मला बाहेर. बराच वेळ गेला. मग दार उघडून त्यांनी मला बोलावलं. टेबलावर भावाचा चौकड्याचा रुमाल पसरलेला होता.

"यांनी आज मला तुमच्या बाजाराची पद्धत शिकवली," बाई म्हणाल्या.

"वा! आता धंदाही काढून घ्या त्याच्याकडून."

"गप रे दादा," भाऊ म्हणाला. "तोंडाने सांगायला जमत नव्हतं. या म्हणाल्या, मग तुम्ही एरवी अवघड आकडा कसा सांगता? मी म्हटलं, रुमालाखाली. तुलाही सांगतो. हात दे."

मी हात दिला. त्याने रुमाल टाकला आणि माझी चार बोटं एकदम दाबली.

"महिन्यात?"

"आठवड्यात."

माझी रेघ हललीच. मी उठलो, खुर्ची मागे पडली. "आठवड्यात चार? मग मला पाकिटात एक-दोनच कशा सापडायच्या?"

"बाकीच्या मी बाजारच्या गटारात टाकायचो. तू बघू नयेस म्हणून."

त्याने माझ्यासाठी वरचा थर लावला होता आणि मी दवाखान्यासाठी. डॉक्टर बिचारे ते दोन थर बघूनच पोत्याचा भाव ठरवत होते.

"का पण?" मी ओरडलो. "मरायचंय तुला?"

त्याने बाईंकडे पाहिलं, मग खाली. "त्या गोळीने लघवी लाल होते, दादा. सकाळी गोळी घेतली की बाजारात दुपारपर्यंत लालच. मुतारीत हमाल शेजारी उभे असतात. एक म्हणाला, काय रे, कोकम सरबत सोडतोस काय? दुसरा म्हणाला, याला काहीतरी झालंय. मग सौद्याच्या दिवशी मी गोळी घेणं सोडलं."

आठवड्यात सौद्याचे दिवस चारच होते.

बाईंनी खुर्ची उचलून सरळ केली. "बाजार किती वाजता उठतो?"

"दुपारी."

"मग गोळी संध्याकाळी घेता येईल का, ते मी डॉक्टरांना विचारते. जेवणाच्या बऱ्याच आधी, रिकाम्या पोटी. रंग रात्री घरीच निघून जाईल. आणि शेठ, मोरीत टाकलेल्या गोळ्यांचंही मला त्यांना सांगावं लागेल."

"सांगा," मी म्हणालो. "एवढ्यासाठी एवढा अभ्यास!"

"एवढ्यासाठीच," त्या म्हणाल्या.

डॉक्टर माझ्यावर चिडले आणि ते बरोबर होतं. सुई मात्र थांबली. तीच औषधं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, संध्याकाळी.

काही महिन्यांनी बाईंनी मला विचारलं, रुमालाची गोष्ट आपल्या अभ्यासात लिहू का. मी घासाघीस केली. गावाचं नाव नको, बाजार नको, कांदा तर नकोच. त्यांनी सगळं मान्य केलं. एवढ्या सहज मान्य होणारा सौदा मी पाहिलेला नाही, म्हणून मला अजूनही वाटतं की कुठेतरी मी कमी घेतलं. छापलेलं काही मला कुणी दाखवलं नाही. मीही मागितलं नाही.

राग आहे तो वेगळाच. घरात चार पावलांवर माझी खाट होती, आणि त्याने आकडा आधी परक्या हातावर दाबला. बाईंना मी एकदा तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडावरची रेघ हलली नाही, शेठ."

त्यानंतर रोज दिवेलागणीला मी ओट्यावर बसायचो, भाऊ यायचा, रुमाल टाकायचा. बंद मूठ म्हणजे गोळी घेतली. आठवड्यांमागून आठवडे मूठच आली. अंगावर थोडं मांस चढलं, खोकला बसला. मग एका संध्याकाळी त्याने माझी दोन बोटं दाबली. कालचा आणि आजचा, दोन दिवस चुकले होते; कालची मूठ खोटी होती.

शिवी जिभेवर होती. समोर गल्लीतून माणसं जात होती, तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याची बोटं माझ्या बोटांवर तशीच होती, काढून घेतली नव्हती.

मी रेघ हलू दिली नाही. म्हणालो, "बरं. उद्याचा भाव सांग."

त्याने मूठ मिटली.